बारावं भांडं

लॉरेल फोर्क, केंटकी
२ मार्च

श्री. बून स्टिडम, नॅशव्हिल, यांस,

आई जिवंत आहे. ही बातमी आधीच देते, म्हणजे उरलेलं पत्र तुला टोपी काढून वाचावं लागणार नाही.

आता नावाविषयी. स्टिडम हे माझं आडनाव. माझ्या बापाचं, त्याच्या बापाचं, आणि घरामागच्या टेकडीवर एकोणीस दगडांवर कोरलेलं. त्यांत तुझा, जेरी पॅव्हलिकचा, एकही दगड नाही. तुझे वडील, डॉक्टर पॅव्हलिक, क्लीव्हलंडला लोकांचे दात काढायचे आणि तुमच्या घरामागे पोहायचा तलाव होता. त्या तलावात पाय सोडून बसून आपण बँडचं नाव ठरवलं, 'ब्लॅक डॅम्प'. तो शब्दही माझ्या बापाचाच. खाणीत आवाज न करता माणसाला गुदमरवणाऱ्या वायूचा. त्या वायूच्या नावाने तू अठरा वर्षं किंचाळलास आणि मी तुझ्या डाव्या हाताला उभी राहून बास वाजवला. तेव्हा कंट्री संगीताला तू 'खेचरांचं रडगाणं' म्हणायचास. आज तू खेचरांचं वकीलपत्र घेतलं आहेस आणि खटला माझ्या आईचा लढवतो आहेस, तिला न विचारता.

'मग ते कार्ड कसलं होतं, डेल?' असं तू विचारशील. कार्डाचा विषय या पत्रात नाही. हे पत्र भांड्यांविषयी आहे.

गेल्या शनिवारी मी आईला लेक्सिंग्टनच्या हॉस्पिटलातून घरी आणलं. खुबा नवीन बसवला आहे. पाच आठवडे दोघी तिथेच होतो. घरात शिरल्याबरोबर, अंगावरचा कोट काढायच्या आधी, तिने शेगडीवरचा तो छोटा दिवा लावला. तो खालच्या रस्त्यावरून दिसतो हे तुला मी सांगायला नको, तुझं अख्खं गाणं त्या दिव्यावर उभं आहे. तासाभरात दार वाजलं. मी गाडीतून बॅगा काढत होते, म्हणून वॉकर ढकलत आईच गेली. दारात लुडी कॉडिल. हातात काचेचं भलंमोठं भांडं, त्यात रश्शातली कोंबडी आणि पिठाचे गोळे.

आईने आधी भांड्याकडे पाहिलं. एवढं मोठं भांडं आपल्याकडे एकाच कारणासाठी उचललं जातं.

"लुडी, कोण गेलं गं?"

"तू गेलीस, मिंटी."

"कधी?"

"जानेवारीत म्हणे."

"बरं. आत तरी ये. गार होतंय ते."

संध्याकाळपर्यंत अकरा भांडी आली. एक अख्खं हॅम, तीन प्रकारच्या शेंगा, रताळी, दोन केळ्यांची पुडिंगं. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे दुःखाच्या गर्दीत भांडं हरवू नये. अंगणात पुरुषमंडळी टोप्या हातात धरून उभी होती. आईने खिडकीतून हात हलवला तेव्हा डेन्व्हर स्लोनने दचकून टोपी परत घातली.

ही सगळी तुझ्या गाण्याची करणी. मी ते कुठे ऐकलं माहीत आहे? हॉस्पिटलच्या मार्गिकेत, एका नर्सच्या फोनवर. शनिवारच्या रेडिओ कार्यक्रमात नुसती गिटार घेऊन तू म्हणालास, "हे माझ्या आईसाठी. मिंटीसाठी. या हिवाळ्यात ती आम्हांला सोडून गेली." नर्स डोळे पुसत होती. आतल्या खोलीत तुझी दिवंगत आई चालायला शिकवणाऱ्या तरुणाला कोणत्या शब्दांत झापत होती ते सभ्य कागदावर लिहिता येणार नाही.

गाणं चांगलं आहे. हे एकदाच लिहिते, नाहीतर माझ्या रागाला मत्सराचा वास येईल. आमची पायरी, आमचा पोर्च, तिचे ताठरलेले सांधे, सगळं जसंच्या तसं आहे. खोटी फक्त शेवटची ओळ: शेगडीवरचा दिवा विझला.

तो जळतो आहे, जेरी. या क्षणी त्याच्याच उजेडात मी लिहिते आहे आणि माझ्या पाठीशी आई एका हाताने वॉकर धरून दुसऱ्याने मक्याचं पीठ कालवते आहे. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा इथला नियम तू आमच्याकडे राहिलास ते चौदा महिने पाळलास, आठवत असेल. अकरा भांडी आहेत. खुबा एकच नवा आहे.

शिष्टाचार म्हणून शेवटी लोभाविषयी काही लिहायचं असतं. ते मी वगळते.

डेल्फिया स्टिडम

—

२१ मार्च

जेरी,

तुला लिहिलेल्या पत्राला उत्तर आलं. तुझं नव्हे, तुझ्या ऑफिसातल्या कुणा मिस कॉर्टनीचं. अक्षर छापील, सहानुभूतीही छापील. ती म्हणते, गाण्यातलं सत्य हे 'भावनेचं सत्य' असतं. मी हायस्कुलात लॅटिन शिकवते. मेलेल्या भाषेवर माझं पोट आहे, तेव्हा मेलेलं आणि जिवंत यांतला फरक मला नोकरीपुरता तरी कळतो. ती पुढे म्हणते, रेकॉर्ड जूनमध्ये बाजारात येईल, तोपर्यंत कुटुंबाने 'मातोश्रींची सद्यःस्थिती' खासगी ठेवावी. आईची सद्यःस्थिती अशी आहे की ती काल बाजारात जाऊन कोबीच्या रोपांवरून दुकानदाराशी भांडून आली. हे खासगी कसं ठेवायचं याचं मार्गदर्शन पत्रात नाही.

पत्रासोबत एक कागद जोडला आहे. माझ्या कार्डाची छायाप्रत. खाली टीप, 'श्री. स्टिडम यांना ही वार्ता लेखी मिळाली होती.'

म्हणजे विषय काढलाच तुम्ही. ठीक. माझंच अक्षर आहे. तीन शब्द, त्यातला एक माझं नाव: 'आई गेली. डेल.'

आता ऐक. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिचं हृदय थांबलं होतं. चाळीस सेकंद. ते त्यांनी परत चालू केलं, पण दोन दिवस ती शुद्धीत नव्हती, आणि त्या बेशुद्धीत ती हाक मारत होती. मला नाही. मी उशाशीच होते, मला हाक मारायची गरज काय? ती म्हणत होती, "जेरी जेवला का?" दर तासाला. सत्तेचाळीस वर्षांची लेक तिच्या ओठांना ओला बोळा लावते आहे आणि ती विचारते आहे, जेरी जेवला का.

मी तुला फोन केले. तुझा नंबर बदललेला. ऑफिसात पाच वेळा निरोप ठेवला: आई आजारी आहे, ये. पाचही वेळा तीच गोड मुलगी, 'नक्की कळवते.' तिसऱ्या दिवशी कपडे न्यायला मी घरी आले. शेगडीवरचा दिवा बंद, पाइपात पाणी गोठलेलं, आणि ड्रॉवरमध्ये एक कोरं कार्ड. पाकीट शोधायला गेले असते तर कदाचित शुद्धीवर आले असते. नाही गेले. कार्ड उघडंच टपालात टाकलं. मनात हिशेब सरळ होता: आजारासाठी येत नाहीस, मातीसाठी तरी येशील. आलास की ती तुला जिवंत दिसेल, तू मला दोन शिव्या देशील, आणि ती तुला जेवायला वाढेल.

हे पाप माझं. लिहून दिलं, मिस कॉर्टनीला सांग, याचीही छायाप्रत काढून ठेव.

पण मला सांग, तुला कार्ड मिळालं. तू ते खरं मानलंस. मग तू काय केलंस? मातीला किती वाजता येऊ, हे विचारलंस? फुलं कुठे पाठवू, हे विचारलंस? घसा फाटून तू जेव्हा इथे आलास, डेट्रॉइटच्या डॉक्टरने 'पुन्हा किंचाळलास तर बोलणंही जाईल' असं सांगितलं होतं, तेव्हा पाटीवर खडूने लिहून तू तिच्याकडे पाणी मागायचास. दोन आठवड्यांसाठी आलेला माणूस मागच्या खोलीत चौदा महिने राहिला. तिने तुला शेंगांचा रस्सा चमच्याने भरवला. आवाज परत यायला लागला तेव्हा तिनेच तुला चर्चच्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं. तिथे वाद्य नाही, वही नाही. एकजण ओळ देतो, बाकीचे ती ओळ उचलून हळूहळू ओढत नेतात. तुला सुरुवातीला हसू यायचं. मग एका रविवारी तू ओळ उचललीस. खालच्या पट्टीत, जखमी, जड. आज सगळा देश ज्या आवाजावर भाळला आहे तो त्या बाकावर जन्मला. आईच्या डाव्या खांद्याला टेकून.

आणि ती मेली असं कळल्यावर तू आलास नाहीस. तू खोलीत दोघांना घेऊन बसलास आणि गाणं लिहिलंस.

मी खोटं बोलले. पण माझ्या खोट्याला तू जे उत्तर दिलंस ते खरं होतं, हेच मला सहन होत नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. आणि तिला कळता कामा नये. ही धमकी समज किंवा विनंती, व्याकरण दोन्हींकडे चालतं.

डेल

—

१९ एप्रिल

जेरी,

तिला कळलं.

कसं ते सांगते, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला मूर्ख समजण्याची चूक आपण दोघांनी मिळून केली हे तुझ्या लक्षात येईल.

गुरुवारी चर्चचे चिटणीस बंधू ऑर्बन आले. मे महिन्यातला थडगी सजवायचा रविवार जवळ आला. त्या दिवशी वर्षभरात गेलेल्यांची नावं टेकडीवर वाचली जातात, ती यादी घेऊन आले होते. घाम पुसत म्हणाले, "भगिनी मिंटी, थोडी अडचण झाली आहे. तुमचं नाव यादीत चढलं आहे. पक्क्या शाईने."

"वाचा पाहू."

"आता वाचू?"

"मेल्यावर मला ऐकू येणार आहे का?"

बिचाऱ्यांनी वाचलं. 'भगिनी आर्मिंटा स्टिडम, एकसष्ट वर्षं सभासद, सौम्य व शांत स्वभाव.' आई एवढी हसली की वॉकर हलला. "सौम्य खोडा," ती म्हणाली, "मग नाव खोडा. पट्टी लावून, सरळ. गिचमिड नको."

ते गेले. आई मात्र तिथेच बसून राहिली, मग म्हणाली, "डेल, किती भांडी राहिली?"

"एकच. एस्टिलच्या बायकोचं."

"मला सगळ्यांची नावं सांग बघू. कुठे राहतात तेही."

मी सांगत गेले. लुडी, डेन्व्हर स्लोनची बायको, दोघी वॉट्स बहिणी. ती टेबलावर शेंगांचे दाणे मांडत होती. एकेक नाव, एकेक दाणा, रस्त्याच्या वळणासारखी वाकडी रांग. अकरावा ठेवला आणि रांगेच्या टोकाला काडेपेटी ठेवली.

"हा पूल. पुलापलीकडून एकही भांडं नाही आलं."

"लांब पडतं त्यांना."

"गाणं सगळ्या काउंटीत वाजतंय. पलीकडची ओफा मला सख्ख्या बहिणीसारखी, तिच्याकडे दिवसभर रेडिओ बोंबलत असतो. तिने साधं अंडं नाही पाठवलं. का? कारण तिला ठाऊक होतं, मी लेक्सिंग्टनला आहे, गाणं म्हणजे गाणं. या अकरा जणींना मात्र ठाऊक होतं की मी मेले. आणि या अकराही घरी एस्टिल टपाल टाकतो. त्याची फेरी पुलाशी संपते."

मी काडेपेटी उचलून परत तिथेच ठेवली.

"एस्टिल कार्डं वाचतो," आई म्हणाली.

"तो म्हणतो, मी वाचत नाही, मला दिसतात."

"काय दिसलं त्याला, डेल?"

मी सांगितलं. सगळं. चाळीस सेकंद, पाच निरोप, तीन शब्द. वाटलं होतं, ती ओरडेल. मी लहानपणी शेजाऱ्याच्या कोंबड्या मोकळ्या सोडल्या होत्या तेव्हा ओरडली होती तशी. ओरडली नाही. दाणे एकेक करून परत वाटीत टाकले.

"म्हणजे मी गेले हे त्याला कळलं," ती म्हणाली. "आणि तो आला नाही."

"आई, ऑफिसने कदाचित..."

"कार्ड त्याच्या हातात पडलं ना? त्यावर गाणं केलं ना? मग कळलं त्याला." मग माझ्याकडे न बघता, "तू बरं नाही केलंस. मी मरेपर्यंत समजत राहिले असते की मी गेले की जेरी येईल. डोक्याशी उभा राहील. एवढंच तर होतं माझ्याकडे, ते तू आधीच उघडून पाहिलंस."

जेरी, मी लॅटिनमध्ये सहा प्रकारचे क्षमायाचनेचे वाक्यप्रयोग शिकवते. त्यांतला एकही सुचला नाही.

रात्रीचं जेवण तिने नेहमीसारखं केलं. आज सकाळी मला बोलावून म्हणाली, "लिही त्याला." पुढचं तिच्या तोंडचं आहे, मी फक्त कागद धरला:

'पोरा, तू इथून गेलास त्या दिवशी वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक मी तुला निळ्या इनॅमलच्या भांड्यातून दिला होता. नऊ वर्षं झाली. लुडीने मासिकात तुझ्या घराचा फोटो दाखवला, त्यात ते फळीवर ठेवलेलं दिसतं. भांडं माझं आहे. बुडाला पट्टी आहे बघ. सजावटीच्या रविवारी परत आण. रिकामं आणू नकोस. काय आणायचं ते तुझं तू ठरव. गिटार नको.'

बस, एवढंच. गाण्याबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं, "बाकी काही?" तर म्हणाली, "बाकी तो आल्यावर."

हे पत्र मी ऑफिसच्या पत्त्यावर पाठवत नाही. तुझ्या घरच्या पत्त्यावर रजिस्टर करते आहे. पोचपावतीवर सही तुझी हवी. तू आला नाहीस तर या वेळी तुला 'कळलं नव्हतं' असं कुणी म्हणणार नाही. मीही नाही.

डेल

—

१२ मे

जेरी,

पोचपावती आली. सही 'बून स्टिडम'. घरीसुद्धा?

आज तुझी दोन माणसं आली, एक दाढीवाला, एक मोजपट्टीवाला. रविवारी टेकडीवर चित्रीकरण करायचं म्हणत होते. तू आईच्या थडग्याशी बसलेला, मागे डोंगर, संध्याकाळचं ऊन. आईने त्यांना बसवलं, शेंगा आणि मक्याचा ब्रेड वाढला. दाढीवाल्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मग अदबीने विचारलं, "आजी, मिंटी स्टिडम यांचं थडगं कोणतं?"

"वर जा. नवऱ्याच्या शेजारचं. दगड बसवलाय, आत कोणी नाही."

ते वर गेले. दगड जोड आहे, तुला माहीत आहे. बापू गेले तेव्हाच आईने आपलंही नाव आणि जन्मसाल कोरून घेतलं, दोनदा कारागीर बोलवायला नको म्हणून. शेवटचं साल कोरं आहे. मोजपट्टीवाला खाली येऊन मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, ती कोरी जागा तेवढी फुलांनी झाकता येईल का?"

आईला कमी ऐकू येतं असा त्याचा समज झाला असावा.

"झाकायची कशाला?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी स्वतःच आडवी येऊन पडते की. बून साहेबांची सोय होईल."

गाडी फार घाईने गेली त्यांची. जाताना दाढीवाला बिचारा म्हणत होता, "आम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं हो." त्याच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे, आणि तो मोजायला त्याच्याकडची पट्टी पुरणार नाही.

आईने तुझ्यासाठी निरोप दिला नाही. दिला तो दिला आहे, म्हणते. मात्र मागची खोली काल तिने झाडली. पलंगावर स्वच्छ चादर घातली. मी विचारलं तर म्हणाली, "धूळ फार झाली होती."

ये, जेरी. मी रागात लिहिते आहे, पण ये. हव्या तेवढ्या शिव्या मी परत घेईन, एकेक करून, तुझ्या डाव्या हाताला उभी राहून.

डेल

—

२६ मे

जेरी,

तू पुलापर्यंत आलास.

एस्टिलने सांगितलं. म्हणाला, टेनेसीच्या नंबरची काळी गाडी पुलाच्या अलीकडे उभी, काच खाली, आत टोपी डोळ्यांवर ओढून एक माणूस. एस्टिल जेवणाला उशिरा निघाला होता म्हणून भेटला. "वीस मिनिटं तरी उभा होता," म्हणाला. "मी वाचत नव्हतो. मला दिसला."

पुलावरून टेकडी दिसते. तुला फुलं दिसली असतील. एकोणीस दगडांवर कागदी, प्लास्टिकची आणि खरी. झाडाखाली फळ्या टाकून केलेलं लांब टेबल दिसलं असेल. आणि ऐकू आलं असेल, कारण त्या वेळी ओळ बंधू ऑर्बन देत होते आणि आम्ही सत्तर माणसं ती ओढत होतो, आणि दरीत तो आवाज पुलाखाली जाऊन परत येतो. तू त्या आवाजात कुठे बसायचास ते तुला माहीत आहे. तुझ्या जागी फट होती. ती मला ऐकू येत होती, तर तुला आलीच असेल.

आई टेबलाच्या टोकाला खुर्चीवर. तिच्या उजव्या हाताशी फळीवर हातभर जागा तिने मोकळी ठेवली होती. लुडी हॅम घेऊन आली.

"तिथे नको. तिथे यायचंय."

ओफा पुलापलीकडून अंडी घेऊन आली.

"तिथे नको, ओफा. पलीकडे ठेव."

दीड तास. यादी वाचून झाली. आईच्या नावावरची रेघ सरळ होती, बंधू ऑर्बननी मला दाखवली. पानं वाढायला घेतली. मग एस्टिल चढण चढून आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"तुझं आलं, मिंटीमावशी."

"आणि तो?"

एस्टिलने टोपी काढली. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाचली, पण तोंडाने बातमी द्यायची वेळ आली तर त्याला शब्द सापडेना. "वळला," म्हणाला.

आईने टॉवेल सोडला. निळं भांडं. धुतलेलं, पुसलेलं, कडेचा उडालेला टवकासुद्धा चमकत होता. तिने ते उलटं केलं. पट्टी होती, तिच्याच अक्षरात 'मिंटी'. मग सुलटं केलं आणि आत पाहिलं. थोडा वेळ पाहत राहिली, जणू तळाशी काही राहिलं असेल.

काही नव्हतं. तू ते रिकामं पाठवलंस.

एक बिस्किटाचा पुडा, जेरी. रस्त्यात चार पेट्रोल पंप लागतात. एक सफरचंद. चार ओळींची चिठ्ठी. 'मला लाज वाटते' एवढं लिहिलेला कागदाचा तुकडा तिला केकपेक्षा गोड लागला असता. तू काय आणलं असतंस तरी चाललं असतं. 'ते तुझं तू ठरव' असं तिने लिहवून घेतलं होतं आणि तू ठरवलंस.

तिने भांडं त्या मोकळ्या जागेत ठेवलं. लुडी घाईघाईने शेंगांचा डाव घेऊन आली. "मिंटी, दे, यात थोड्या घालते."

"नको. ते असंच आलंय."

आणि ते तसंच राहिलं, सगळं जेवण होईपर्यंत. हॅम आणि केळ्याच्या पुडिंगच्या मधोमध रिकामं. सत्तर माणसं त्याच्या अवतीभवतीचं वाढून घेत होती आणि कुणाचाही हात त्याला लागत नव्हता. आई सगळ्यांशी बोलली. जेवली. डेन्व्हर स्लोनला म्हणाली, "पुढच्या खेपेला खात्री करून टोपी काढ."

घरी आलो तेव्हा ऊन कलतं होतं. तिने भांडं फळीवर ठेवलं, वॉकर शेगडीपाशी नेला, हात वर केला आणि तो छोटा दिवा बंद केला.

मी म्हटलं, "आई, दिवा."

"कुणासाठी?"

ती आपल्या खोलीत गेली. वाटेत मागच्या खोलीचं दार उघडं होतं, ते ओढून घेतलं.

माझ्याकडे तुझ्यासाठी शिव्या तयार होत्या, वर्गवारी करून ठेवलेल्या. त्या आता लिहीत नाही. तुझ्या शहरात एक रीत आहे, तूच सांगितली होतीस: गाणं जुळलं तेव्हा जे जे खोलीत बसले होते त्या सगळ्यांची नावं गाण्यावर पडतात, मग एखाद्याने नुसती कॉफी ओतली का असेना. तुझ्या गाण्यावर तीन नावं आहेत. चौथं माझं घाल. कॉफीपेक्षा जास्तच केलं आहे मी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या गाण्यात एकच ओळ खोटी होती. ती आता खरी झाली आहे. निर्धास्त गा.

डेल्फिया स्टिडम